‘ग’च्या दोन चिठ्ठ्या

एका अक्षराच्या शब्दापायी मी माझी पहिली नोकरी सोडली, आणि ती सोडल्याचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही. राग मात्र आहे. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा म्हणून मी काही करतही नाही.

नोकरी कोशाच्या कार्यालयात होती. कार्यालय म्हणजे भवानीपूरमधल्या एका दुमजली घराचा वरचा मजला. घर आणि कोश, दोन्ही एकाच माणसाचे. कलकत्त्यातल्या आम्हा मराठी लोकांत ते सगळ्यात मोठे विद्वान समजले जात. घराण्यात तीन पिढ्या वकील आणि प्रोफेसर. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. नाडी बघणारे डॉक्टर नव्हेत, भाषाशास्त्राचे. जगातल्या भाषांतल्या एकाक्षरी शब्दांचा कोश करायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. म्हणजे ‘क’चं पान काढलं की ज्या ज्या भाषेत नुसता ‘क’ हा शब्द आहे त्या भाषा एकाखाली एक, प्रत्येकीपुढे अर्थ, आणि त्याखाली तो शब्द वाक्यात कुठे बसतो, कसा बदलतो ते. एकमेकींचं तोंड कधी न पाहिलेल्या भाषा त्या पानावर शेजारणी व्हायच्या. कल्पना छान होती. आजही मी ती वाईट म्हणणार नाही.

मी बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात आबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. आबांचं बडाबाजारात गलाईचं दुकान. खानापूर तालुक्यातून चौदाव्या वर्षी आलेले. सोनं-चांदी वितळवायची, कस लावायचा, लगड पाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आयुष्यभर भट्टीपुढे बसून डोळे लाल. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेलं माणूस म्हणजे मी. आबांनी त्या दिवशी धुतलेला फेटा बांधला होता.

डॉक्टरसाहेबांनी माझं सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “गलाईवाल्याची मुलगी आणि भाषाशास्त्र! कौतुक आहे हो तुमचं.”

आबा हसले. त्यांना ते खरंच कौतुक वाटलं. मला तेव्हाच काय ते कळलं होतं, पण नोकरी हवी होती.

काम चिठ्ठ्यांचं. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद. एका चिठ्ठीवर एक शब्द. चिठ्ठ्या लाकडी कपाटाच्या खणांत अक्षरावार लावायच्या. माझं अक्षर चांगलं आहे. मास्तरीणबाईंच्या छडीने वळण लागलेलं. पहिले सहा महिने मी नुसती पुस्तकांतून शब्द उतरवत होते. त्यात एक जाडजूड अमेरिकन ग्रंथ होता, हैडा भाषेचा. कॅनडाच्या पश्चिमेला समुद्रात काही बेटं आहेत, तिथल्या मासे धरणाऱ्या लोकांची ही भाषा. देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पडली आणि बोलणारे थोडे उरले, असं त्यात लिहिलं होतं. पण माझ्या मनात त्या ग्रंथातली दुसरीच गोष्ट भरली. प्रत्येक कथेच्या वर, ती कोणी सांगितली त्या माणसाचं नाव होतं, आणि त्याचं कूळही. म्हातारा, आंधळा, कोणी का असेना, नाव होतं.

मला ते पटलं. आमच्या दुकानातही तसंच असायचं. गिऱ्हाइकाचा डाग भट्टीजवळ जायच्या आधी आबा त्याला मुनिमाने लिहिलेली नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधत. त्याशिवाय मूस तापतच नसे.

चाचा आम्हाला दुकानातच भेटले. चाचा म्हणजे पन्नाशीच्या आसपासचा एक उंच, गोरा, वाकलेला माणूस. सियालदहजवळच्या सुक्या मेव्याच्या वखारीत अक्रोड-जर्दाळू निवडायचं आणि तोलायचं काम करणारा. चांदीचं तुटलेलं बटण कसाला लावायला आले होते. आबा कस पाहत असताना ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मी त्या दिवशी आबांचा डबा घेऊन गेले होते. बडाबाजारात पठाणांची पश्तू मी लहानपणापासून ऐकलेली. ही ती नव्हती.

“चाचा, ही कुठली बोली?” मी हिंदीत विचारलं.

“ही आमच्या दरीतली, बेटी. चित्रालच्या बाजूला. एका दमात चालून जाशील एवढी भाषा आहे.”

फलुरा भाषा. चित्रालच्या दोन-तीन दऱ्यांत बोलली जाते. कलकत्त्याच्या लाखो माणसांत ती बोलणारा मला तरी हा एकच ठाऊक होता. डॉक्टरसाहेबांकडे तिच्यावरचं एक बारीकसं टिपण होतं, बस. मी दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन गेले तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उठून उभे राहिले आणि म्हणाले, “या, या, अलभ्य लाभ!”

दर बुधवारी वखारीची दुपारची सुट्टी झाली की चाचा येत. साहेब आरामखुर्चीत, मी टेबलाशी, चाचा सतरंजीवर. चहा यायचा. चाचांचा कप वेगळा, कान तुटलेला, गॅलरीतल्या कठड्यावर ठेवलेला. मी एकदा माझा आणि त्यांचा कप बदलला, तर चाचांनीच डोळ्यांनी मला दटावलं.

“राहू दे. हा कप मला ओळखतो.”

पहिल्याच महिन्यात मी माझी पद्धत बसवली. चिठ्ठीच्या उजव्या कोपऱ्यात, हैडाच्या ग्रंथात पाहिल्यासारखं, सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि ‘कलकत्ता’. चाचांना उर्दूत नाव लिहिता यायचं. त्याखेरीज काही नाही. मी म्हणायचे, “चाचा, सही.” ते पेन असं धरत जसं काही ते हातातून उडून जाणार आहे.

एका बुधवारी ‘ग’ निघाला.

फलुरात नुसता ‘ग’ हा शब्द आहे. चाचांनी तो समजावला तो असा: दाराबाहेर काही वाजलं तर आतून विचारतात, ग? म्हणजे काय? नावाच्या आधी आला की कोणता. कोणता रस्ता, कोणता माणूस. पण तेवढ्यावर संपत नाही. टोपलीत काही उरलं नाही, यातला ‘काही’ही तोच. विचारतानाही तो, सांगतानाही तो.

“म्हणजे प्रश्न नसतानाही?” मी विचारलं.

“बेटी, भुकेला माणूस म्हणतो, काहीतरी दे. तो काय प्रश्न विचारतो?”

आणि योगायोग बघा, हैडातही ‘ग’ होता. तिथे तो माणसांसाठी: नाव घ्यायचं नसलेली किंवा ठाऊक नसलेली माणसं. कोणी, जे कोणी. क्रियापदाच्या मागे सर्वनामासारखा उभा राहणारा. प्रश्नाशी त्याचा काही संबंध ग्रंथात दिलेला नव्हता. मी दोन चिठ्ठ्या केल्या आणि टाचणीने एकत्र लावून साहेबांपुढे ठेवल्या.

साहेबांचे डोळे चमकले. त्यांचा एक सिद्धान्त होता. ‘ग’ हा मानवजातीचा पहिला प्रश्न आहे, गुहेतल्या माणसाने अंधाराला विचारलेला, वगैरे. व्याख्यानांत ते हे फार सुंदर सांगत.

“छान. आता फलुरामधला हा ‘काही’ काढून टाका. आणि हैडाच्या पुढे लिहा, मूळ अर्थ प्रश्नार्थक.”

“पण ग्रंथात तसं नाही, सर.”

“ग्रंथ लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल.”

“आणि चाचा म्हणतात—”

“अहो, तो अक्रोड निवडणारा माणूस. त्याला व्याकरण काय कळतंय? पुन्हा विचारा. नीट विचारा.”

मी पुन्हा विचारलं. चाचांनी तेच सांगितलं. मी चिठ्ठीवर लिहिलं: पुन्हा विचारल्यावर वक्त्याने हेच सांगितले. तारीख. सही. साहेबांनी चिठ्ठी परत माझ्याकडे भिरकावली. चार-सहा महिन्यांनी त्यांनी विषय पुन्हा काढला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा सही घेतली. असं चार वेळा. पहिली तारीख फाळणीच्या आधीच्या हिवाळ्यातली, शेवटची त्यानंतर सोळा महिन्यांनी. दर वेळी त्यांना वाटे मी नमेन. मी कशाला नमू? मी बी.ए. झाले ती काय गुहेतल्या माणसाची वकिली करायला? चौथ्या वेळी चाचासुद्धा वैतागले.

“तुझा मालक ऐकत का नाही? मी पाचव्यांदा सांगितलं तर शब्द बदलेल?”

“तुम्ही सही करा, चाचा.”

त्या दोन चिठ्ठ्या मग ‘वादाचे’ असं लिहिलेल्या खालच्या खणात जाऊन पडल्या. बाकीचं फलुरा, चारशेच्या वर चिठ्ठ्या (चाचा होते तोवर लांब शब्दही आम्ही टिपून ठेवले होते), वरच्या खणांत.

त्या वर्षाच्या शेवटी चाचांचं येणं थांबलं. वखारीचा मालक लाहोरला गेला, वखार बंद झाली, आणि चाचा हावड्याला एका लोखंडाच्या कारखान्यात दारावर बसू लागले. त्यांनी राजाबाजारात एका बंगाली बाईशी लग्न केलं होतं. दोन मुली होत्या. धाकटी फलुरात मोजायला शिकली होती आणि बंगालीत रडायची, असं ते हसून सांगत.

आता माझी चूक. ती मी झाकणार नाही.

चाचा यायचे थांबल्यावर वर्षभराने साहेब म्हणाले, “फलुराच्या चिठ्ठ्या नव्याने उतरवा. कोपऱ्यातली ती भाऊगर्दी नको. परदेशातले विद्वान बघणार आहेत. शब्द, अर्थ, व्याकरण. बास.”

“नाव-तारीख काढायची?”

“वक्ता एक, पुरुष, असं पुरे. शास्त्राला नावं लागत नाहीत.”

मला खटकलं. पण पुढे त्यांनी जे म्हटलं ते मला गोड लागलं: “तुमच्यासारखं अक्षर या कलकत्त्यात कोणाचं नाही. ब्लॉक करून छापावं असं.” झालं. मी पाघळले. दोन महिने बसून चारशेच्या वर चिठ्ठ्या मी नव्या कागदावर उतरवल्या, एकही खाडाखोड न करता, आणि जुन्यांचा गठ्ठा माझ्या हाताने दोरीने बांधून खाली त्यांच्या स्वयंपाकघरात दिला. त्यावर त्यांच्या घरची उनून, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटत राहिली. जाताना मला दिसायचं: धुरात उर्दू सही काळी पडताना. मी पुढे जायचे. माझं लक्ष माझ्या नव्या अक्षराकडे होतं.

वादाच्या खणातल्या चिठ्ठ्या मी उतरवल्या नाहीत, कारण त्यांचा निकालच लागलेला नव्हता.

मग काही वर्षांनी पासपोर्टाचा नियम आला. ज्यांची गावं पलीकडे गेली होती त्यांना ऑफिसात बोलावणं येऊ लागलं. चाचांनाही आलं. फाळणीच्या वेळी आणि त्यानंतरच्या वर्षात तुम्ही इथेच होतात, तिकडे जाऊन परत आलेला नाहीत, याचा लेखी पुरावा आणा. नाहीतर पंधरा दिवसांत देश सोडा. बायको-मुलींचं काय ते कागदात लिहिलेलं नव्हतं. वखार बंद, मालक लाहोरला, खोलीचं भाडं तोंडी. चाचांच्या नावाचा कागद या शहरात कुठेच नव्हता. त्यांना कागद म्हटल्यावर आठवलो ते आम्ही.

ते भवानीपूरला आले तेव्हा मी वर होते. जिना चढताना त्यांचा दम लागलेला ऐकू आला. दारात उभे राहून त्यांनी सलाम केला आणि नोटीस पुढे धरली. मी वाचून साहेबांना सांगितलं. एका चिठ्ठीचं काम: हा माणूस अमुक काळात दर बुधवारी आमच्याकडे येत होता. खाली सही आणि कार्यालयाचा शिक्का.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग मला मराठीत म्हणाले, “कोण हा?”

मला वाटलं, खरंच ओळखलं नाही. “सर, चाचा. फलुराचे.”

“मी या गृहस्थांना ओळखत नाही.”

“अहो सर, दीड-दोन वर्षं—”

“बाई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. यांना सांगा, पोलिसांच्या भानगडीत हे कार्यालय पडत नाही.”

चाचांना मराठी येत नव्हतं. पण माणसाला एवढं कळतं. त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. गॅलरीकडे बघितलं. कठड्यावर तो कान तुटलेला कप अजून होता. त्यात कोणी तरी कात्रीने कापलेले कागदाचे कपटे ठेवले होते. चाचा वळले. जिना उतरून गेले.

का, ते मला त्याच दुपारी कळलं. छापखान्यातून प्रस्तावनेची कच्ची पानं तपासायला आली होती आणि ती तपासणं माझं काम होतं. त्यात साहेबांनी लिहिलं होतं की फलुरा शब्दांचा संग्रह त्यांनी स्वतः फाळणीच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या दरीत राहून केला. डोंगराचं वर्णन होतं. नदीचं थंडगार पाणी होतं. यजमानांच्या अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली बसून शब्द टिपल्याचं होतं. तो उन्हाळा म्हणजे माझ्या नोकरीचा पहिलाच. साहेब त्या उन्हाळ्यात संधिवातासाठी पुरीला होते. त्यांचं टपाल मीच पत्ता खोडून तिकडे पाठवत होते.

तुतीचं झाड चाचांचं होतं. चाचांनी सांगितलेलं, सतरंजीवर बसून.

मी तडक घरी आले. आबा जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं.

“आगं, मग मी येतो की पोलिसात. मी त्येला वळकतोय. बटन मीच बघितलं त्येचं.”

“आबा, त्यांना लेखी पाहिजे.”

“लेखी व्हतं न्हवं तुज्याकडं?”

“होतं.”

“मग?”

“जाळलं.”

“कुणी?”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. आबांनी घास खाली ठेवला. आई म्हणाली, “आवो, जेवू द्या तिला आदी.” आबा मला रागावले नाहीत, आणि ते त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं. नुसतं एवढंच म्हणाले, “सगळं जाळलंस? बघ बरं. भट्टीच्या राखंतबी काय तरी घावतंच.”

तेव्हा मला वादाचा खण आठवला.

सकाळी मी वेळेच्या आधी गेले. खणात त्या दोन चिठ्ठ्या होत्या, गंजलेल्या टाचणीने एकत्र. हैडाचा ‘ग’ वर, फलुराचा खाली. खालच्या चिठ्ठीवर चार तारखा, चार सह्या, चार वेळा ‘कलकत्ता’. शेवटच्या सहीत पेन रागाने दाबलेलं दिसत होतं. मी त्या पर्समध्ये घातल्या असत्या तर कोणालाही कळलं नसतं. पण चोरून नेणं मला जमलं नसतं. मी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

“सर, ही चिठ्ठी मी पोलिसांकडे नेते आहे.”

ते चहा पीत होते. “ठेवा ती जागेवर.”

“नाही.”

“हा कार्यालयाचा ऐवज आहे.”

“अक्षर माझं आहे, सही त्यांची आहे, आणि अर्थ तुम्हाला मान्य नाही. तुमचं यात काय आहे?”

“तुम्हाला परिणामांची कल्पना आहे? उद्या कोणी विचारलं की हा माणूस इथे येत होता, तर तो...” ते थांबले.

“तर तो उन्हाळा पुरीचा होता हे बाहेर येईल.”

त्यांचा चेहरा बदलला. आवाज मात्र तसाच, व्याख्यानासारखा. “तुमच्या वडिलांनी हात जोडले होते म्हणून मी तुम्हाला घेतलं. मुसलमानाच्या पायी आपल्या माणसावर उलटता? आपल्या मराठी मंडळात तोंड दाखवू शकाल? पुढच्या नोकरीला शिफारस कोण देणार आहे तुम्हाला?”

“आबांनी हात जोडले ते सर्टिफिकेट बघून. ते माझं होतं. आणि सर, ज्याचं खाल्लं त्याला ओळखत नाही म्हणणारा माणूस आपला असेल, तर मला परका परवडला.”

“चालत्या व्हा.”

“चाललेच आहे.”

यापेक्षा चांगलं बोलता आलं असतं असं मला नंतर पुष्कळ वेळा वाटलं. ट्राममध्ये तर दहा चांगली वाक्यं सुचली. पण तेव्हा जे निघालं ते हेच.

पोलिसांच्या त्या ऑफिसात चाचा बाकावर बसले होते. इस्त्रीचा कुडता, शेजारी बायको आणि थोरली मुलगी; आबा त्यांना राजाबाजारातून घेऊन आले होते. काउंटरमागे तरुण बंगाली अधिकारी होता. मी चिठ्ठी पुढे केली. त्याने ती उजेडाकडे धरली.

“एटा की?” हे काय आहे, म्हणून त्याने विचारलं. “दिदी, इथे लोक शाळेचे दाखले आणतात. भाड्याच्या पावत्या आणतात. तुम्ही एक अक्षर घेऊन आलात?”

मागे रांगेतले दोघे हसले. मी बंगालीत, जरा मोठ्यानेच, सांगायला लागले. कोश म्हणजे काय, चिठ्ठी म्हणजे काय, एकच शब्द चार वेळा का विचारला. शेवटी तो म्हणाला, “पण चार वेळा? एका अक्षरासाठी सोळा महिने?”

“माझ्या साहेबांना पटत नव्हतं.”

“आणि तुम्ही सोडत नव्हता.”

“का सोडू? चूक त्यांची होती.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तारखांवरून पेन्सिल फिरवली. एक, दोन, तीन, चार. मधला मोठ्यातला मोठा खंड सहा महिन्यांचा. त्या दंगलीच्या दिवसांत एवढ्या वेळात चित्रालला जाऊन येता येतं का, हे त्याने मनात मोजलं असावं, आणि येत नाही असं ठरवलं असावं. उर्दू वाचणाऱ्या हवालदाराला बोलावून चारही सह्या नोटिशीवरच्या सहीशी ताडून घेतल्या. “कार्यालयाचा शिक्का नाही,” तो म्हणाला.

“साहेब देत नाहीत. का देत नाहीत तेही लिहून देते. माझ्या सहीने.”

“तुम्ही कोण?”

“बी.ए.” माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने विचारलं होतं, कार्यालयात कोण. रांग पुन्हा हसली. मला नाही हसू आलं.

तासभर बसून मी जबानी लिहिली. पुरीचं लिहिलं, शेगडीचं लिहिलं, जुन्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने दिल्या हेही लिहिलं. आबांनी साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. अधिकाऱ्याने सगळे कागद एकत्र लावले आणि चाचांना सहा महिन्यांचा राहण्याचा परवाना दिला. दर सहा महिन्यांनी येऊन वाढवून घ्यायचा. चाचांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. चाचा मला म्हणाले, “बेटी, तुझी नोकरी?” मी म्हटलं, “गेली.”

मी काउंटरवर हात पुढे केला. “चिठ्ठी परत द्या.”

“फाईलमधला कागद परत मिळत नाही, दिदी.”

“ती माझी आहे.”

“आता सरकारची आहे.”

मी तिथेही भांडले. आबांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. हैडाची चिठ्ठी तेवढी, टाचणी काढल्यामुळे, माझ्या हातात राहिली. समुद्रापलीकडच्या माणसांचा पोलिसांना उपयोग नव्हता.

कोश छापून आला. मी वाचनालयात जाऊन ‘ग’चं पान काढलं. फलुरा: काय? प्रश्नार्थक. हैडा: मूळ अर्थ प्रश्नार्थक. प्रस्तावनेत तुतीचं झाड होतं. आभारांत छापखाना होता, पुरीचे वैद्य होते. शेवटी जोडलेल्या फलुराच्या विभागात माझंच अक्षर ब्लॉक करून नमुना म्हणून छापलेलं, एकही खाडाखोड नसलेलं. मी पेन्सिलीने पानाच्या कडेला दोन्ही शब्दांचे खरे अर्थ लिहिले. ग्रंथपालांनी मला बाहेर काढलं आणि माझं सभासदत्व रद्द केलं. मंडळाच्या गणपतीला त्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही. आबांचं एक मोठं मराठी गिऱ्हाईक तुटलं. मला हावड्याच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली, शिफारशीशिवाय.

सहा महिन्यांनी चाचांच्या परवान्याची मुदत आली. मी शाळेतून रजा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. काउंटरवर दुसराच माणूस होता. त्याने रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, “फाईल सापडत नाही. पुरावा पुन्हा जोडा.”

चाचा माझ्याकडे बघू लागले.

“पुरावा तुमच्याकडेच आहे,” मी म्हटलं. “पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, चार तारखा, उर्दू सह्या. शोधा.”

“उद्या या.”

“आजच शोधा.”

“दिदी, इथे हजारो फायली आहेत.”

“मला घाई नाही.”

मी बाकावर बसले. चाचांना शेजारी बसवलं. शाळेच्या वह्या बरोबर होत्या, त्या तपासायला घेतल्या. त्याने दोनदा येऊन पाहिलं आम्ही गेलो का. तीन वाजता फाईल मिळाली.